मानाचं पाकीट

आधीच सांगून ठेवते, पुष्पा माझी सख्खी मोठी बहीण आहे आणि तिचं वाईट व्हावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. माझं तिच्यापेक्षा थोडं बरं व्हावं, एवढंच. आता ह्यात कुणाच्या बापाचं काय जातं?

आमचं माहेर पारोळ्याचं. अक्काला धुळ्याला दिली, मला जळगावला. तिचा नवरा, अभिमन दाजी, धुळ्यात सिमेंटचे पत्रे विकतो. आमचे हे, कौतिकराव, पिंप्राळ्यात मोटर वायंडिंगचं दुकान चालवतात. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ह्यांच्याकडे धावत येतो. उन्हाळ्यात केळीला पाणी चुकलं तर बाग हातची गेली समजा, म्हणून मोटर लवकर नेणारा आणि लवकर आणून बसवणारा माणूस लागतो. ह्यांनी जुनी फियाट घेतली ती त्याचसाठी. डिकीत मोटर टाकायची, दुकानात आणून बांधायची आणि परत विहिरीवर पोचवायची. गाडी होती म्हणून गिऱ्हाईक होतं.

पण माझ्यासाठी त्या गाडीची गोष्ट निराळी होती. आमच्या माहेरच्या सगळ्या लेकीबाळींत पहिली चारचाकी माझ्या दारात उभी राहिली. माझ्या! पुष्पाकडे तेव्हा स्कूटर होती. मी हळदीकुंकवालाही गाडीतून गेले, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हे म्हणाले, चालत गेली असतीस तर लवकर पोचली असतीस. पुरुषांना काय कळतं त्यातलं! ते सुख मला धड वर्षभरही पुरलं नाही. दाजींनी कोरी करकरीत पांढरी मारुती घेतली आणि दोघं पेढे घेऊन आमच्याकडे आले. मी पेढा खाल्ला, "छान झालं हं अक्का" म्हटलं, आणि तो पेढा संध्याकाळपर्यंत माझ्या छातीत अडकून होता.

तशात झुलालमामाच्या सुंदरचं लग्न निघालं. लग्न पारोळ्यात, नवरदेव धुळ्याकडच्या खेड्यातला. पाठवणीची गाडी आपण मुलीकडच्यांनी द्यायची असं ठरलं होतं. मामा सगळ्यांसमोर म्हणाला, "अभिमननी गाडी नवी शे. नवरी त्यामा बसाडू."

मी मांडवात उभीच राहिले. म्हटलं, "मामा, त्या डबीत शालू, हार आणि नवरदेवाचा फेटा मावणार कसा? नवरीची काय घडी घालून ठेवायची?"

सगळा मांडव हसला. नवरीसाठी फियाट ठरली आणि मारुती मागून करवल्या घेऊन येणार असं झालं. पुष्पा काय म्हणाली? "बेबाचं बरोबर आहे, फियाट ऐसपैस आहे." तिच्या ह्याच गोष्टीची मला चीड येते. माणसानं जरा भांडावं की नाही?

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच झालं. नवरी घेऊन आलेल्या गाडीवाल्याला मुलाच्या घरी मान देतात. टोपी, टॉवेल, नारळ आणि एक पाकीट. ते भाडं नसतं. गाडी घरची, पेट्रोल घरचं, पाकीट फक्त मानाचं. आणि पाकीट तिथं उघडायचं नसतं. खिशात घालायचं, हात जोडायचे आणि निघायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

व्याह्यांनी दोघा साडूंना पाटावर बसवलं. ह्यांना टोपी, टॉवेल, नारळ, पाकीट. दाजींना टोपी, टॉवेल, नारळ, पाकीट आणि वर सफारीचं कापड! कारण काय, तर व्याही दाजींच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. नवरी आमच्या गाडीत आणि मान त्यांच्या गाडीला! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारुती धुळ्याकडे वळली, आम्ही जळगावकडे निघालो, आणि हायवे लागायच्या आत मी पाकीट फोडलं. वीसची एक नोट आणि एक रुपयाचं नाणं.

"एकवीस?" मी ओरडले. "अहो, एकवीस रुपये! बँडवाल्याच्या पोरालासुद्धा ह्याहून जास्त देतात!"

"मान मोजायचा नसतो," हे म्हणाले.

"मोजायचा नसतो म्हणे! त्यांच्या पाकिटात बघा किती असतील ते!"

पारोळं मागे पडलं आणि एरंडोलच्या अलीकडे समोरून कापसाच्या गठाणी भरलेला ट्रक दुसऱ्या ट्रकला मागे टाकत आमच्या अंगावर आला. ह्यांनी गाडी खाली घातली. उतारावरून ती गेली ती सरळ बाभळीला. माझं मनगट मोडलं, ह्यांच्या दोन बरगड्या. जीव वाचले ही देवाची कृपा. पण गाडी संपली. इंजिन पार डॅशबोर्डपर्यंत आत आलं होतं. क्रेनवाला म्हणाला, ही आता भंगारातच जाईल. ट्रकवाला तर थांबलाही नाही.

विमा होता, आणि सगळ्या प्रकारचा होता, म्हणून आम्ही तसे निर्धास्त होतो. गाडीची किंमत चाळीस हजार लावलेली होती. थोडीफार कापाकापी होऊन पैसे येतील, दुसरी गाडी घेऊ, दुकान परत चालेल, असा ह्यांचा साधा हिशेब.

आठवड्यानं विम्याचा सर्व्हेअर घरी आला. त्याच दिवशी पुष्पा आणि दाजी आम्हाला भेटायला आले होते. हे पलंगावर पडलेले, पुष्पा उशाशी बसून ह्यांच्यासाठी संत्रं सोलतेय, दाजी खुर्चीत. आणि दाजींच्या अंगात काय? तेच सफारीचं कापड, शिवून घातलेलं! लगेच शिवून! मला तिथंच भोवळ यायची बाकी होती.

सर्व्हेअरनं विचारलं, गाडी कुठून येत होती, कशासाठी गेली होती. ह्यांनी लग्नाचं सांगितलं. मग रीतीभातीवर गोष्ट निघाली. सर्व्हेअर नागपूरकडचा, त्याला आपल्याकडच्या मानाचं नवल वाटलं. "पाकिटात किती देतात हो?" त्यानं सहज विचारलं.

दाजी म्हणाले, "आम्हाला दोनशे एक्कावन्न होते."

दोनशे एक्कावन्न! मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. एका हाताला प्लास्टर. माझ्या तोंडून कधी निघालं ते मलाच कळलं नाही. "आम्हाला पाचशे एक दिले! नवरी आमच्या गाडीत होती ना. गाडीचं म्हणूनच दिले त्यांनी."

हे छताकडे बघायला लागले. दाजी "अरे वा" म्हणाले. पुष्पा संत्र्याची फोड सोलत राहिली. आणि सर्व्हेअरनं खिशातून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला फक्त पुष्पाचं तोंड बघायचं होतं, आणि ती मेली मान वर करेल तर ना.

दोन महिन्यांनी विमा कंपनीच्या ऑफिसातून बोलावणं आलं. हे गेले आणि परत आले ते दारातच पायरीवर बसले. चाळीस हजारांच्या गाडीचे अठरा हजार द्यायला तयार होते.

"अठरा?" मी म्हटलं. "का म्हणून?"

"विमा घरगुती गाडीचा. आपण गाडी भाड्यानं लावली होती म्हणे. त्यामुळे पूर्ण पैसे नाहीत."

"भाड्यानं? लग्नात? कुणी सांगितलं हे?"

"तू," हे म्हणाले. "पाचशे एक. गाडीचं म्हणूनच दिले. तुझ्या शब्दांत लिहिलंय."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण मी का ऐकून घेऊ? "तुम्ही का नाही तिथल्या तिथे सांगितलं खरं काय ते?"

"पुष्पाअक्कासमोर?" हे एवढंच म्हणाले. ह्यांच्याशी भांडताही येत नाही.

अठरा हजारांत त्या वेळी धड गाडी येत नव्हती, भंगार येत होतं. ह्यांनी पैसे घ्यायला नकार दिला आणि भांडण सुरू झालं. अर्ज, चकरा, साहेब रजेवर, साहेब मीटिंगमध्ये. इकडे उन्हाळा लागला होता. मोटरी जळायला लागल्या आणि आमच्याकडे आणायला गाडी नाही. शहरातल्या दुसऱ्या वायंडिंगवाल्यानं मेटॅडोर घेतली होती, आमची गिऱ्हाइकं एकेक करून त्याच्याकडे गेली. एकदा हे एस.टी.नं मोटर आणायला गेले. कंडक्टर म्हणाला, एवढा लोखंडाचा धोंडा आत नाही चालणार. ह्यांनी ती पोत्यात बांधून स्वतः टपावर चढवली. घरी आले तेव्हा बरगड्यांवर हात दाबून धरला होता आणि तोंड पांढरं पडलं होतं. भुसावळजवळ दीपनगरला पॉवर स्टेशनच्या ठेकेदाराकडे वायरमनची जागा आहे, दुकान बंद करून तिकडं जावं काय, असं त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. वीस वर्षांचं दुकान!

मग मीच उठले. पदर खोचला आणि त्या ऑफिसात जाऊन साहेबापुढं उभी राहिले. साहेब म्हातारा, शांत माणूस होता. म्हणाला, "बाई, रीत मलाही माहीत आहे. मी अमळनेरचा. पण पाचशे एक? इतक्या अंतराचं टॅक्सीचं भाडंही एवढं होत नाही. अकरा, एकवीस, एक्कावन्न असते तर मी डोळे झाकून मान म्हटलं असतं. नक्की पाचशे एकच होते ना?"

बघा. एकवीस हा आकडा त्याच्याच तोंडून निघाला. मी फक्त 'हो, एकवीसच' म्हणायचं होतं. गाडी परत येत होती, दुकान वाचत होतं, ह्यांच्या बरगड्या वाचत होत्या. आणि माझी जीभ जी टाळूला चिकटली ती सुटेना. कारण मला माहीत होतं, इथं लिहिलं की ते मामाकडे जाणार, मामाकडून धुळ्याला जाणार, आणि पुष्पा म्हणणार, अरेरे, बिचारी बेबा. हे 'बिचारी' मला मेल्यावरही चालणार नाही.

"आता आठवत नाही," मी म्हटलं आणि घरी आले.

साहेब भला होता. त्यानं ह्यांना निरोप दिला की मुलाच्या वडिलांकडून लिहून आणा, किंवा त्या दिवशी दुसरी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला साक्षीला आणा. हे मामाकडे गेले. मामा कानावर हात ठेवून म्हणाला, "सोयराले पाकिटनं इचारू? मनी पोरले तठे नांदनं शे, भाऊ!" मामाचंही खरं होतं. दिलेल्या मानाचा हिशेब मागायचा म्हणजे सोयऱ्याच्या थोबाडीत मारल्यासारखंच.

राहता राहिले अभिमन दाजी.

"मी धुळ्याला जातो," हे म्हणाले.

"आकडा सांगणार त्यांना?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी बघितलं नव्हतं. रागानं नाही, थकून. "नाही सांगणार," म्हणाले. "पाकीट म्हणजे भाडं नसतं, एवढंच साहेबाला येऊन सांगा म्हणेन. पुढचं तुझं तू बघ."

सुनावणीच्या दिवशी मी ह्यांच्यासोबत गेले. मारुती ऑफिससमोर येऊन उभी राहिली. दाजी उतरले आणि मागून पुष्पाही उतरली. हिचं काय काम होतं इथं? नवी इंदुरी साडी नेसून, गजरा माळून, माझी फजिती बघायला आली, असंच मला वाटलं. माझा जीव नुसता जळत होता. मी तिच्याशी धड बोललेसुद्धा नाही.

साहेबानं दाजींना समोर बसवलं. रीत काय, कोण देतं, का देतं, सगळं विचारलं. दाजींनी नीट सांगितलं. मग साहेब म्हणाला, "तुमच्या पाकिटात किती होते?"

दाजींनी तोंड उघडलं आणि त्यांच्या आधी पुष्पा बोलली. "अकरा."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. मीही बघितलं.

"अकरा रुपये, साहेब," पुष्पा म्हणाली. "तेव्हा दोनशे एक्कावन्न म्हटलं ते आपलं लोकांत शोभावं म्हणून. बहिणीच्या घरी बसलो होतो, कमी कसं सांगणार? सफारीचं कापडही मीच घेतलं होतं, धुळ्याच्या बाजारातून, आणि व्याह्यांच्या हाती आधीच देऊन ठेवलं होतं. माझीच हौस." असं म्हणून ती हसली, आणि दाजी पंख्याकडे बघायला लागले.

साहेबही हसला. त्यानं लिहून घेतलं, दाजींनी सही केली.

अहो, माझ्या आत काय झालं म्हणून सांगू! अकरा! दोनशे एक्कावन्न नाही, अकरा! त्या सफारीवर मी किती दिवस जळले होते, आणि ती बाजारातून आणलेली! मला तिथं फुगडी घालावीशी वाटली. साहेबानं माझ्याकडे वळून विचारलं, "आणि बाई, तुमच्या पाकिटात?"

"एकवीस!" मी अशी ओरडले की शेजारच्या टेबलावरचा टायपिंगवाला थांबला. "एकवीस, साहेब! आमचे एकवीस होते! लिहा!"

"आधी पाचशे एक म्हणाला होतात."

"ती थाप होती. थाप म्हणून लिहा. पण एकवीस नीट लिहा!"

ऑफिसातले सगळे हसले. हसोत, हसतील त्यांचे दात दिसतील. हे मात्र हसले नाहीत, ह्यांनी रुमाल काढून डोळे पुसले.

त्यानंतर महिन्याभरात पस्तीस हजार मिळाले. ह्यांनी जुनी जीप घेतली, मागे मोटरी मावतात अशी. दुकानावर परत गर्दी झाली, दीपनगरचं नावही कुणी काढलं नाही. मी पुष्पाला चिवड्याचा डबा पाठवला, वर निरोप पाठवला की तुझ्यामुळे काम झालं. मोठ्या मनानं पाठवला. एकवीसवाल्या माणसाला अकरावाल्याशी मोठ्या मनानं वागायला काय जातं?

पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आम्ही सगळ्या माहेरवाशिणी पारोळ्यात जमलो. मामाच्या अंगणातल्या निंबाला झोके बांधले होते, घरात आमरस आणि पुरणाच्या पोळ्या. सुंदरही आली होती, पोटुशी होती. आम्ही दोघी आंब्यांची बाठं काढत बसलो होतो. ती म्हणाली, "बेबाताई, तुमच्या गाडीचं ऐकलं, बरं झालं पैसे मिळाले. मला तर त्या दिवसापासून लाजच वाटायची."

"लाज कसली?"

"सासऱ्यांनी पाकिटं माझ्यासमोर भरली ना. तुम्हाला एकवीस आणि दाजींना दोनशे एक्कावन्न, वर सफारीचं कापड. मी नवी नवरी, काय बोलणार? माघारी आले तेव्हा पुष्पाताईला सगळं सांगून रडले होते मी. तुम्हाला नाही बोलली ती?"

हातातलं बाठं तसंच राहिलं. माघारी आली तेव्हा. म्हणजे लग्नानंतर चारच दिवसांनी. म्हणजे सर्व्हेअर यायच्या आधी.

मी उठले. पुष्पा झोक्यावर एकटीच बसली होती. मी समोर जाऊन उभी राहिले. "अक्का, तुला एकवीस माहीत होते?"

तिनं पाय टेकवून झोका थांबवला. "हो."

"मी पाचशे एक म्हणाले, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तू गप्प संत्रं सोलत बसलीस?"

"काय करणार होते? तुझ्याच घरात तुला खोटं पाडू?"

"आणि साहेबापुढं ते अकरा?"

तिनं झोक्यावर सरकून जागा केली. मग आमच्या लहानपणच्या बोलीत म्हणाली, "बेबे, तू मरी जाती, पन एकवीस सांगती नही."

हसली असती तर मी दोन शिव्या दिल्या असत्या. पण ती हसली नाही.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण रडू येण्याआधी मी जळले, आणि अशी जळले की मारुतीच्या वेळेलाही जळले नव्हते. गाडी तिची नवी, मान तिचा मोठा, ते मी कसंबसं गिळलं होतं. साहेबापुढं तेवढी एकदा मी जिंकले होते आणि वर्षभर त्या जिंकण्यावर जगले होते, तेही तिनंच दिलेलं निघालं. चारचौघांत स्वतःला अकरा रुपयांची करून घेतली, नवऱ्याला खोट्या सहीला बसवलं, आणि घरी जाऊन माझा चिवडा खाल्ला. आता ह्याच्या पुढं माणसानं काय करून दाखवायचं?

"अक्का," मी डोळे पुसत म्हटलं, "तुझी ती मारुती कुठंतरी ठोकू दे एकदा. मग बघ मी तुझ्यासाठी किती मोठं खोटं बोलते ते."

"बरं," ती म्हणाली. "बस आता."